संवेदनशील प्रकल्पाचे संकेतस्थळ आणि त्याची दृश्य ओळख : उत्तर आयर्लंडच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

महाविद्यालयीन संशोधन प्रकल्पाची सांगता पूर्वी टंकलिखित अहवालाने होत असे. तो अहवाल ग्रंथालयाच्या कपाटात जाई आणि मूल्यमापन समिती येणार असली की बाहेर निघे. आता प्रकल्पाला संकेतस्थळ असावे अशी अपेक्षा असते. ते तयार करण्याचे काम मात्र सामान्यतः सर्वांत शेवटी, अगदी थोड्या वेळात आणि संगणकाची जाण असलेल्या एखाद्या विद्यार्थ्यावर सोपवून उरकले जाते. विषय निरुपद्रवी असेल तर यात फारसे काही बिघडत नाही. विषय राजकीयदृष्ट्या संवेदनशील असेल, तर मात्र वर्षभराच्या क्षेत्रकार्याने मिळवलेला विश्वास एका मुखपृष्ठामुळे नष्ट होऊ शकतो.

प्रस्तुत लेखकास याचा प्रत्यय काही वर्षांपूर्वी आला. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातील वृद्धांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचा एक छोटा प्रकल्प आमच्या विद्यार्थ्यांनी हाती घेतला होता. मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषकांशी ते बोलले होते. संकेतस्थळाचा कच्चा नमुना तयार झाल्यावर एका विद्यार्थ्याने तो कन्नड मातृभाषा असलेल्या एका निवृत्त शिक्षकांना मोठ्या उत्साहाने दाखवला. त्यांनी पडद्याकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, “हे कोणाचं आहे?” विद्यार्थी म्हणाला, “आमच्या कॉलेजचं आहे, गुरुजी.” त्यावर ते म्हणाले, “कॉलेजचं असेल बाळ, पण रंग एका बाजूचा दिसतोय.” पार्श्वभूमी भगवी होती. विद्यार्थ्याने ती केवळ ठळक दिसते म्हणून निवडली होती. पुढील आठवड्यात गुरुजींनी आपली मुलाखत वापरू नये असे कळवले.

मुलाखतीतील एकही वाक्य आम्ही बदललेले नव्हते. तरीही “हे कोणाचं?” या प्रश्नाचे उत्तर मजकुरापूर्वीच रंगाने दिले होते. नाव, पत्ता, चिन्ह, रंग, नकाशा, यादीतील क्रम आणि कोष्टकातील स्तंभ ही अशा प्रकल्पाची पहिली विधाने असतात. वाचक ती मजकुराच्या आधी वाचतो. निवड न करणे म्हणजे तटस्थता, अशी आपली एक समजूत असते. ही समजूत कितपत टिकते, हे तपासण्यासाठी प्रस्तुत लेखात उत्तर आयर्लंडचा अनुभव घेतला आहे. या लहानशा प्रदेशात रंगाला, फुलाला आणि गावाच्या नावालाही पक्ष असतो, आणि तेथील प्रयोगांची माहिती सर्वांस उपलब्ध आहे.

पार्श्वभूमी

१९२१ साली आयर्लंड बेटाची फाळणी होऊन ईशान्येकडील सहा परगणे ब्रिटनसोबत राहिले. ब्रिटनशी जोडलेले राहावे असे मानणारे युनियनवादी हे प्रामुख्याने प्रोटेस्टंट, तर अखंड आयर्लंड हवे असे मानणारे राष्ट्रवादी हे प्रामुख्याने कॅथलिक, असा तेथील ढोबळ विभाग आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेला आणि १० एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे करारापर्यंत चाललेला सशस्त्र संघर्ष ‘द ट्रबल्स’ या काहीशा सौम्य नावाने ओळखला जातो. त्यात साडेतीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली. राजकीय वाटाघाटींच्या करारात सहसा न आढळणारी एक गोष्ट या करारात आहे : सार्वजनिक कामासाठी चिन्हे आणि प्रतीके वापरणे हा नाजूक विषय असल्याचे सर्व सहभागी पक्षांनी त्यात मान्य केले.

नाव आणि पत्ता

संकेतस्थळाचे पहिले काम म्हणजे नाव निश्चित करणे. उत्तर आयर्लंडमध्ये अडचणीस येथूनच आरंभ होतो. प्रदेशाला ‘नॉर्दर्न आयर्लंड’ म्हटले तर ते राज्यव्यवस्थेचे अधिकृत नाव झाले. ‘द नॉर्थ’ किंवा ‘सहा परगणे’ म्हटले तर बोलणारा राष्ट्रवादी समजला जातो. ‘अल्स्टर’ म्हटले तर युनियनवादी. वास्तविक अल्स्टर हा ऐतिहासिक प्रांत नऊ परगण्यांचा आहे आणि त्यांतील तीन सीमेच्या पलीकडे आहेत.

दुसऱ्या क्रमांकाच्या शहराची कथा तर प्रसिद्धच आहे. १६१३ च्या राजसनदेने त्याचे नाव ‘लंडनडेरी’ झाले. राष्ट्रवादी त्याला ‘डेरी’ म्हणतात. १९८४ साली नगर परिषदेचे नाव बदलून ‘डेरी’ करण्यात आले, परंतु शहराचे कायदेशीर नाव ‘लंडनडेरी’च राहिले, २००७ साली उच्च न्यायालयानेही परिषदेचे नाव बदलल्याने शहराचे नाव बदलत नाही असाच निर्वाळा दिला. दोन्ही नावे तिरप्या रेघेने जोडून लिहिण्याची पद्धत पडली, तेव्हा जेरी अँडरसन या नभोवाणी निवेदकाने शहराला ‘स्ट्रोक सिटी’, म्हणजे ‘तिरप्या रेघेचे शहर’, असे विनोदी नाव दिले. बीबीसीने आपल्यापुरता मार्ग काढला : बातमीत पहिल्या उल्लेखात ‘लंडनडेरी’ आणि पुढे ‘डेरी’. २०१३ साली हे शहर ब्रिटनचे ‘सांस्कृतिक नगर’ झाले, त्या वर्षीच्या बोधचिन्हात दोन नावांच्या मध्ये तिरप्या रेघेऐवजी लहरी रेघ होती. एका नावाला दुसऱ्यापासून तोडणारी रेघ वाकवून तिचा दुवा करण्याचा हा प्रयत्न लहान असला तरी विचारपूर्वक केलेला होता.

परंतु येथे संगणकाची एक मर्यादा आडवी येते. संकेतस्थळाच्या पत्त्यातील मुख्य नावात अक्षरे, अंक आणि संयोगचिन्ह चालते. तिरपी किंवा लहरी रेघ चालत नाही. कागदावर साधलेली तडजोड पत्त्यात साधता येत नाही. पत्त्याचा शेवट ब्रिटनचा की आयर्लंडचा, हाही प्रश्न उरतोच. वर्णानुक्रमे लावलेल्या गावांच्या यादीत हे शहर कोणत्या अक्षराखाली शोधायचे, हे ठरवणाऱ्या विद्यार्थ्याला आपण राजकारण करीत आहोत याची कल्पनाही नसते.

‘केन’ या संकेतस्थळाची रीत

संघर्षाविषयीची माहिती एकत्र करणारे ‘कॉन्फ्लिक्ट आर्काइव्ह ऑन द इंटरनेट’ हे संकेतस्थळ १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अल्स्टर विद्यापीठात उभे राहिले. आद्याक्षरांनी त्याचे नाव ‘केन’ होते, आणि बायबलमधील ज्या भावाने भावाला मारले त्या काइनचेही इंग्रजी नाव तेच आहे. एका बेटावरील दोन समाजांच्या संघर्षाचा संग्रह या नावाने ओळखला जावा, हे मला आरंभी खटकले होते. आता तसे वाटत नाही. त्या कथेवर दोन्ही पंथांचा सारखाच हक्क आहे.

आजच्या विद्यार्थ्यांना हे संकेतस्थळ जुनाट वाटते. पांढरी पार्श्वभूमी, दुव्यांच्या लांबलचक याद्या आणि मजकूरच मजकूर, असे त्याचे रूप कित्येक वर्षे राहिले. मुखपृष्ठावर जळती वाहने किंवा बुरखाधारी बंदूकधारी लावून वाचक खेचता आले असते. भित्तिचित्रांची आणि स्मारकांची विपुल छायाचित्रे या संग्रहात आहेतच. परंतु ती आपापल्या विभागात, नोंदीसह पाहावयास मिळतात. छायाचित्र पुरावा म्हणून दाखवणे आणि सजावट म्हणून दाखवणे यांतील भेद या रचनेत पाळला गेला आहे. माझ्या मते हा साधेपणा निधीच्या टंचाईतून आला असो वा विचारातून, त्याने संग्रहाचे हितच केले.

या संग्रहाची अधिक महत्त्वाची बाब म्हणजे त्यातील शब्दसूची. कोणता शब्द कोण वापरतो आणि तो वापरल्याने कोणता अर्थ ध्वनित होतो, हे तेथे नोंदवले आहे. निःपक्षपाती शब्द सापडत नसेल तर आपण वापरलेल्या शब्दाचा पक्ष उघड करून सांगावा, ही ती रीत होय. ती आपल्याकडील संशोधकांनी जरूर उचलावी.

कोष्टकातील स्तंभ

बोधचिन्ह आणि रंग यांविषयी निदान वाद तरी होतो. माहितीच्या कोष्टकात कोणते स्तंभ असावेत याविषयी सहसा कोणी विचारतही नाही, आणि खरा दंश तेथेच असतो. माल्कम सटन यांनी संघर्षातील मृत्यूंची सूची तयार केली. १९९४ साली ती पुस्तकरूपाने आली आणि पुढे अद्ययावत होऊन ‘केन’वर उपलब्ध झाली. १४ जुलै १९६९ ते ३१ डिसेंबर २००१ या काळातील ३,५३२ मृत्यूंची नोंद तीत आहे. उलटपक्षी, डेव्हिड मॅककिट्रिक आणि त्यांचे सहकारी यांचा ‘लॉस्ट लाइव्ह्ज’ हा १९९९ सालचा ग्रंथ १९६६ पासून आरंभ करतो, आणि त्यातील संख्या ३,६०० च्या पुढे जाते. तिसरीकडे ‘केन’ स्वतःचा कालखंड १९६८ पासून मानते. त्या वर्षी ५ ऑक्टोबरला डेरीमध्ये नागरी हक्कांसाठी निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या होत्या. संघर्ष १९६६ मधील हत्यांनी सुरू झाला, १९६८ मधील लाठीमाराने, की १९६९ च्या दंगलींनी? संगणकाच्या दृष्टीने हा आरंभदिनांकाचा एक रकाना आहे. प्रत्यक्षात ‘सुरुवात कोणी केली?’ या प्रश्नाचे ते उत्तर आहे.

सटन यांच्या सूचीत प्रत्येक नोंदीस मृताचे नाव, वय, तो नागरिक होता की कोणत्या दलाचा सदस्य, मृत्यूस जबाबदार संघटना कोणती, स्थळ आणि घटनेचा त्रोटक तपशील अशी माहिती आहे. ती कालक्रमाने वाचता येते, तशीच नावानेही शोधता येते. यातील भाषा कोरडी आहे. ‘हुतात्मा’ नाही आणि ‘दहशतवादी’ही नाही. परंतु एकाच यादीत सैनिक, बाँब पेरताना स्वतःच मेलेला तरुण आणि बाजारात गेलेली स्त्री एकापाठोपाठ येतात, यालाच काहींचा आक्षेप असतो. २००६ सालच्या बळी आणि हयात पीडितांविषयीच्या आदेशात ‘बळी’ या शब्दाची व्याख्या इतकी व्यापक केली की तीत सशस्त्र संघटनांचे सदस्यही वगळले गेले नाहीत, आणि त्या व्याख्येवरील वाद अजून मिटलेला नाही. म्हणून यादीच्या शीर्षकात ‘बळी’ लिहावे की ‘मृत’, हा निर्णय आज्ञावली लिहिणाऱ्याचा नव्हे. तो संशोधकाने घ्यावयाचा आणि त्याची कारणे लिहून ठेवावयाची असतात.

चिन्ह : वगळावे की सर्वांस सामावून घ्यावे

बोधचिन्हाच्या बाबतीत दोनच मार्ग संभवतात. एक म्हणजे दोन्ही बाजूंची सर्व प्रतीके वगळणे. उत्तर आयर्लंडच्या विधिमंडळाने हा मार्ग पत्करला. त्याच्या चिन्हात अळशीच्या रोपाची सहा फुले आहेत. अळशीच्या धाग्यापासून लिननचे कापड होते आणि हा उद्योग त्या प्रदेशाची जुनी ओळख आहे. मुकुट नाही, हार्प नाही. तरीही फुले सहाच का, असे विचारले की उत्तर परगण्यांच्या संख्येपाशी येते, म्हणजे फाळणीपाशी.

दुसऱ्या मार्गाचे उदाहरण पोलीस दलाचे आहे. जुन्या रॉयल अल्स्टर कॉन्स्टॅब्युलरीच्या चिन्हात हार्पवर मुकुट होता. ख्रिस पॅटन यांच्या आयोगाने सप्टेंबर १९९९ च्या अहवालात १७५ शिफारशी केल्या. दलास नवे नाव द्यावे, आणि त्याचे चिन्ह ब्रिटिश व आयरिश या दोन्ही राज्यांशी कोणताही संबंध न दाखवणारे असावे, अशा शिफारशींचा त्यांत समावेश होता. ४ नोव्हेंबर २००१ रोजी दलाचे नाव बदलले. चिन्हाचे काय? नव्या पोलीस मंडळाने डिसेंबर २००१ मध्ये जे चिन्ह एकमताने स्वीकारले त्यात संत पॅट्रिकच्या तिरप्या क्रुसाभोवती सहा प्रतीके आहेत : न्यायाचा तराजू, मुकुट, हार्प, मशाल, ऑलिव्हची फांदी आणि शॅमरॉकचे पान. आयोगाने सांगितले होते कोणाचेही काही नको; मंडळाने ठरवले सर्वांचे सर्व काही असू द्या.

आरेखनाच्या दृष्टीने हे चिन्ह गर्दीचे आहे आणि लहान आकारात त्यातील निम्म्या गोष्टी ओळखू येत नाहीत. कोणत्याही कला महाविद्यालयात त्याला फार चांगले गुण मिळाले नसते. परंतु ते टिकले, याचे कारण ते कोणा आरेखनकाराने वरून दिलेले नव्हते. ज्यांच्यात वाद होता त्यांच्या प्रतिनिधींनी एका टेबलाभोवती बसून मान्य केलेले होते. अर्थात ‘एकमताने’ हा शब्दही तपासून घ्यावा लागतो. शिन फेन हा राष्ट्रवाद्यांचा मोठा पक्ष त्या वेळी मंडळात नव्हता. तो २००७ साली सहभागी झाला. सल्लागार समितीत कोण होते हे संकेतस्थळावर सांगताना कोण आले नाही हेही सांगावे, असे मला यावरून वाटते.

रंगांविषयी थोडक्यात : तेथे लाल-पांढरा-निळा हा एकाचा आणि हिरवा-पांढरा-नारिंगी हा दुसऱ्याचा, वस्त्यांमधील पदपथांच्या कडाही या रंगांत रंगवलेल्या असतात. नकाशाविषयीही तेच. संपूर्ण बेटाची बाह्यरेषा काढली की एक पक्ष सुखावतो, सहा परगण्यांची काढली की दुसरा.

संमतीचे पान

आतापर्यंतच्या बाबींत चूक झाली तर नाराजी ओढवते. पुढील बाबतीत चूक झाली तर माणसे तुरुंगात जाऊ शकतात. बॉस्टन कॉलेजने २००१ पासून ‘बेलफास्ट प्रोजेक्ट’ नावाखाली सशस्त्र संघटनांच्या माजी सदस्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करविल्या. मुलाखत देणाऱ्याच्या हयातीत ती उघड होणार नाही असे आश्वासन होते. प्रकल्प संचालकाशी झालेल्या करारात ही गोपनीयता अमेरिकेचा कायदा परवानगी देईल तेवढीच राहील अशी अट होती. मुलाखत देणाऱ्यांनी सही केलेल्या कागदावर ती नव्हती. २०१० साली दोन दिवंगत सहभागींच्या मुलाखतींवर आधारलेले पुस्तक प्रसिद्ध झाले आणि संग्रहाचे अस्तित्व सर्वांना कळले. २०११ साली, १९७२ मध्ये अपहरण करून मारल्या गेलेल्या जीन मॅककॉनव्हिल या दहा मुलांच्या आईच्या प्रकरणी तपासासाठी ब्रिटनच्या विनंतीवरून समन्स निघाले. न्यायालयीन लढाईनंतर २०१३ साली काही मुलाखती पोलिसांच्या हाती गेल्या. एप्रिल २०१४ अखेर शिन फेनचे नेते गेरी अॅडम्स यांना चार दिवस अटकेत ठेवून आरोप न ठेवता सोडण्यात आले. याच मुलाखतींवर आधारलेल्या एका खटल्यात २०१९ साली न्यायालयाने ध्वनिफिती पुरावा म्हणून अविश्वसनीय ठरवल्या. म्हणजे आश्वासन मोडले, विश्वास गेला आणि त्या कुटुंबाला न्यायही मिळाला नाही.

याच्या उलट उदाहरण ‘प्रिझन्स मेमरी आर्काइव्ह’चे आहे. २००६ आणि २००७ मध्ये आर्मा येथील तुरुंगात आणि ‘मेझ’ किंवा ‘लाँग केश’ या दोन नावांनी ओळखल्या जाणाऱ्या तुरुंगात १७५ जणांचे चित्रण करण्यात आले. कैदी, पहारेकरी, शिक्षक, पाद्री, नातेवाईक असे सर्व थरांतील लोक रिकाम्या इमारतीतून चालत आपली आठवण सांगतात. चित्रणाची मालकी सहभागी व्यक्तीशी सामायिक, सर्वांचा समावेश आणि प्रश्नांच्या भडिमाराऐवजी जीवनकथन, ही त्यांची तीन तत्त्वे. आपले चित्रण कोठे आणि कसे दाखवले जावे यावर सहभागी व्यक्तीचा अधिकार राहिला. दुसऱ्या नावाविषयी वाद घालत न बसता तुरुंगाची दोन्ही नावे एकत्र वापरली गेली. संग्रह सर्वांसाठी खुला करण्यास पुष्कळ वर्षे लागली; परंतु घाई न करणे हाही रचनेचाच भाग होता.

आपल्याकडील संदर्भ

सीमाभागातील प्रकल्पाकडे पुन्हा वळू. १ नोव्हेंबर २०१४ पासून त्या शहराचे अधिकृत नाव ‘बेळगावी’ आहे. मराठी माणसाच्या तोंडी आणि मराठी वृत्तपत्रांत ते ‘बेळगाव’च आहे. सीमाप्रश्नी महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केलेला आहे, आणि महाराष्ट्राने मागितलेल्या गावांची संख्या ८६५ सांगितली जाते. अशा स्थितीत आमच्या पहिल्या नमुन्यातील जवळपास प्रत्येक गोष्ट, आम्हाला न कळत, युक्तिवाद ठरली होती. गावांची यादी आम्ही मराठी वर्णमालेनुसार लावली होती. नावे फक्त देवनागरीत होती. नकाशावर ती ८६५ गावे गडद केली होती, म्हणजे एका पक्षाच्या मागणीला आम्ही भूगोलाचे रूप दिले होते. मुलाखतकारांची छायाचित्रे नव्हती. मुलाखत देणाऱ्या वृद्धांची मात्र नावागावासह होती.

दुसरा नमुना करण्यास चार महिने लागले. पार्श्वभूमी पांढरी ठेवली. गावाचे नाव मुलाखत देणाऱ्या व्यक्तीने ज्या रूपात उच्चारले त्या रूपात, कन्नड आणि देवनागरी अशा दोन्ही लिप्यांत दिले आणि शासकीय रूप खाली लहान अक्षरांत लिहिले. मुलाखती गावांनुसार न लावता सांगणाऱ्याच्या जन्मवर्षानुसार लावल्या. नकाशा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरून घेतला आणि त्यावर फक्त ज्या गावांत आम्ही गेलो ती दाखवली. मुखपृष्ठावरून एका दुव्याने जाता येईल अशा पानावर प्रकल्पासाठी पैसे कोणी दिले, विद्यार्थी कोणत्या भाषेचे होते, किती जणांनी बोलण्यास नकार दिला आणि कोणता शब्द आम्ही का निवडला, हे लिहिले. छायाचित्रे काढून टाकली. संमतिपत्र दोन्ही भाषांत पुन्हा तयार केले आणि त्यात मुलाखत केव्हाही परत घेता येईल, परंतु न्यायालयाने मागितल्यास ती आम्हाला द्यावी लागू शकेल, ही दोन्ही वाक्ये सारख्याच आकाराच्या अक्षरांत छापली. दुसरे वाक्य वाचून तिघांनी सही करण्यास नकार दिला.

गुरुजींकडे आम्ही दुसरा नमुना घेऊन गेलो. त्यांनी शब्दांविषयीचे पान शेवटपर्यंत वाचले, आपल्या गावाच्या कन्नड नावातील एक अक्षर दुरुस्त करून दिले आणि चहा पाजला. मुलाखत मात्र त्यांनी परत दिली नाही, आणि आम्ही ती मागितली नाही.